आईकडे ये

७ जुलै, सोमवार

आज माझी सून श्वेता नोकरीवर रुजू झाली. पावणेआठला कॅब आली. निधी माझ्या कडेवर होती. श्वेतानं तिचा तीनदा पापा घेतला, चपला घातल्या, परत काढल्या, आत येऊन चौथ्यांदा घेतला. म्हणाली, "आई, रडली तर मला व्हिडिओ करा." मी म्हटलं, "रडली तर तिला घेईन की व्हिडिओ करत बसेन?" ती हसली, पण डोळे भरलेले होते.

बेंगळुराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, हेब्बाळहून बेळ्ळंदूर. जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. सहा महिने प्रोबेशन. निधी सात महिन्यांची असताना सांभाळायला कोणी टिकेना म्हणून तिनं आधीची नोकरी सोडली होती. आता निधी चौदा महिन्यांची आहे आणि मी आले आहे. शुभंकर म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून जमलं."

ह्यांना नागपुरात डबा लावून दिला आहे. रोज फोनवर कुरकुर. खरं लिहायचं तर त्याचं मला फार वाईट वाटत नाही. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून चार वर्षं माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

सकाळी अकराच्या सुमारास मी कोथिंबीर निवडत होते. निधीचा चेंडू सोफ्याखाली गेला. ती जमिनीवर आडवी पडून बघत होती. मग उठली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई."

स्पष्ट. बडबडीतला आवाज नव्हे. मी काही बोलले नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "आई", आणि सोफ्याखाली बोट दाखवलं. मी ओ दिली. चेंडू काढून दिला.

हा तिचा पहिला शब्द.

रात्री साडेआठला श्वेता आली. पर्स खांद्यावरून उतरायच्या आत तिनं रोजचा प्रश्न विचारला, "आज काही बोलली?" मी म्हटलं, "बडबड चालू होती."

पहिल्याच आठवड्यात तिला काय सांगायचं? की तुझी मुलगी आई म्हणाली, पण मला? श्वेता नोकरी सोडून घरी बसली असती. म्हणून नाही सांगितलं. एकदा श्वेताला आई म्हणाली की हा प्रश्नच उरणार नाही. मी कोथिंबीर निवडत बसले होते आणि मला कोणीतरी हाक मारली, एवढंच.

१४ जुलै, सोमवार

श्वेता आल्यावर जमिनीवरच बसली, हात पसरले. "आईकडे ये, निधी. आईकडे ये." निधीनं तिच्याकडे पाहिलं, मग वळून तुरुतुरु चालत माझ्याकडे आली आणि माझ्या गुडघ्यांना मिठी मारली.

श्वेता म्हणाली, "बरोबर आहे. दिवसभर तुमच्याकडेच असते." आणि हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी निधीला म्हटलं, "अगं, असं नाही करायचं." तिचा चेहरा असा, जणू सांगितलेलं काम तिनं नीट केलं होतं.

१८ जुलै, शुक्रवार

आम्ही दोघीच असताना दिवसातून दहा-बारा वेळा "आई" म्हणते. पाणी हवं, आई. कबूतर दिसलं, आई. दुसराही एक शब्द आला आहे. संध्याकाळी साडेसहा झाले की दाराशी जाऊन उभी राहते, कडीकडे बघते आणि "एता, एता" करते. मी दिवसभर तिला "ये आता, जेवायला ये आता" म्हणत असते, तेच उचललं असणार. मी म्हणते, "कुठं येऊ? मी इथंच आहे की." तर आणखी रडते. आज श्वेताची ओढणी खुर्चीवरून ओढून घेतली, तोंडाशी धरली आणि "एता" करत दारात बसून राहिली. श्वेता येईपर्यंत रडून दमते, मग गप्प. दात येत असतील. हिरड्यांना मलम लावलं.

श्वेतानं फ्रीजवर कागद चिकटवला आहे. वर लिहिलं आहे, 'निधीचे शब्द'. खाली एक ते दहा आकडे. सगळे रिकामे.

२० जुलै, रविवार

शनिवार-रविवार मी तळ्याकडे फिरायला जाऊ लागले आहे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. त्या दोघांना निधीबरोबर मोकळा वेळ मिळावा म्हणून. श्वेता म्हणाली, "आई, तुम्ही किती समजून घेता."

२७ जुलै, रविवार

आज थोडक्यात वाचले.

दुपारची जेवणं चालली होती. निधी श्वेताच्या मांडीवर. मी स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन बाहेर आले. निधीनं मला पाहिलं, तोंड उघडलं. मला कळलं आता काय येणार. हातातली ताटली सुटली नाही. मी सोडली. स्टीलची ताटली फरशीवर पडून गरगरत राहिली. निधी दचकून रडायला लागली. शुभंकर धावत आला, "आई, भाजलं का? चक्कर आली का?" श्वेतानं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "तुम्ही दमता. मला दिसत नाही का?"

तिनं माझी पाठ चोळली. मला ते सहन होईना.

२ ऑगस्ट, शनिवार

लशीसाठी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो होतो. डॉक्टर सुप्रीता, तरुण, शांत बाई. इंग्रजी आणि हिंदीत बोलतात. लस देऊन झाल्यावर सहज विचारलं, "अर्थ असलेले शब्द किती म्हणते?"

श्वेता म्हणाली, "एकही नाही."

"मम्मा, पापा, काहीच नाही? दिवसभर कोणाजवळ असते?"

श्वेतानं माझ्याकडे हात केला. डॉक्टरांनी मला विचारलं, "आपने कुछ सुना?"

खोलीत चौघंजण माझ्याकडे बघत होते, निधी धरून. तीन आठवड्यांचं तोंडातून बाहेर पडायला एक क्षण पुरला असता. मी म्हटलं, "बडबड करती है."

डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, मुलं पुढंमागं बोलतात. पण पंधरावा महिना लागला आहे, तर एकदा कानांची तपासणी करून घेऊ. ऐकूच येत नसेल तर वेळ घालवायला नको.

गाडीनं परत निघालो. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या अडकल्या तेव्हा श्वेतानं मागं वळून निधीच्या कानामागं हळूच टाळी वाजवली. निधीनं वळून पाहिलं. श्वेतानं पुन्हा वाजवली. पुन्हा पाहिलं. शुभंकर म्हणाला, "बस ना श्वेता." ती घरी येईपर्यंत वाजवत होती.

उद्या सांगेन.

५ ऑगस्ट, मंगळवार

नाही सांगितलं.

खाली बागेत अहल्या अक्का भेटतात. चार पिढ्या बेंगळुरात काढलेलं मराठी कुटुंब, बोलण्यात अर्धं कन्नड. आज निधी झोक्यावरून "आई, आई" ओरडली तर म्हणाल्या, "अय्यो, किती सरी, अगदी बरोबर बोलते हो पोर! पण तुम्हाला आई म्हणते की. घरात सगळे म्हणतात ना, तसं." मी हसून विषय बदलला. त्यांनी विचारलं, "सून कधी भेटायची तुमची? लिफ्टमध्ये पण दिसत नाही."

उद्यापासून बागेत जाणार नाही. ऊनही फार असतं.

(ऊन नसतं. चार दिवस ढग आहेत.)

८ ऑगस्ट, शुक्रवार

तपासणी झाली. मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून पहाटेपासून तिला जागं ठेवायचं होतं. डोळे मिटायला लागले की शुभंकर तिला उचलून नाचवायचा. ती इतकी रडली की आवाज बसला. तिथं गेल्यावर झोप येईना, म्हणून गुंगीचं औषध पाजलं. निम्मं थुंकली, परत पाजलं. मग मान एकदम लुळी पडली. श्वेताच्या हातावर तिचं डोकं लोंबत होतं. कपाळाला, कानांमागं चिकटपट्ट्या, त्यांना तारा.

काचेतून मी बघत होते. हे माझ्या एका न बोललेल्या शब्दापायी चाललं होतं.

दोन्ही कान उत्तम आहेत. शुभंकरनं हुश्श केलं, पेढे घेऊ म्हणाला. श्वेता पायरीवर बसली. म्हणाली, "म्हणजे कान नाही. मीच."

"तू काय?" शुभंकर म्हणाला.

"मी घरात नसते. तिच्याशी बोलायला मी नसते."

मी तिच्या शेजारी बसले. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात निधी गुंगीतून जागी होऊन ओकली, आणि राहिलं. राहिलं असं मी लिहिते आहे. मी राहू दिलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाले, "सुलभा, तू काय करून राहिली तिथं?"

"पोरीला वाईट वाटेल म्हणून..."

"पोरीला वाईट वाटेल म्हणून एक दिवस लपवलं असतं. महिना का?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"निधीकडून आई म्हणवून घ्यायचंय तुला. दुसरं काही नाही. आजच्या आज सांग श्वेताला."

मी फोन ठेवून दिला. ह्यांना काय कळतं? शुभंकर लहान असताना माझ्या पाळ्या असायच्या, सकाळ, दुपार, रात्र. तो पहिला शब्द बोलला तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये नागपूर-भंडारा लाइन जोडत होते. सासूबाईंनी सांगितलं होतं संध्याकाळी. काय बोलला होता, ते आता आठवतसुद्धा नाही.

मला ते विचारायचंही सुचलं नव्हतं बहुतेक. की विचारलं होतं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

श्वेतानं राजीनाम्याची मेल पाठवली. जेवताना सांगितलं, भाजी वाढावी तसं. मॅनेजर म्हणाला, सोमवारी समोर बसून बोलू, तोवर पुढं पाठवत नाही. ती म्हणाली, "बोलण्यासारखं काही नाहीये. मी घरी असेन. आई, तुम्हालाही सुटका. बाबा एकटे आहेत."

म्हणजे माझं नागपूरचं तिकीट.

आणि ती घरी राहिली की दोन दिवसांत तिच्या कानावर पडणारच. नाही तर अहल्या अक्का भेटणार. आता सांगितलं तर निदान मी सांगितलं असं होईल. हाही विचार आला. आला तो लिहून ठेवते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शुभंकर निधीला घेऊन खाली झेंडावंदनाला गेला होता. लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. श्वेता टेबलाशी चहा घेत होती. मी ही वही घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मला एक सांगायचं आहे. नुसतं सांगता येत नाही. वाचून दाखवते."

अकरा जुलै वाचलं. तिनं कप खाली ठेवला.

"तुम्हाला आई म्हणाली?"

"हो."

"अकरा जुलैला."

"हो."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. तिला औषध पाजलं आपण. दोनदा पाजलं."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पुढं वाचा."

मी वाचत गेले. चौदा तारीख. मग अठरा. तिनं हात वर केला.

"परत."

"संध्याकाळी साडेसहा झाले की दाराशी जाऊन उभी राहते, आणि..."

"कसं म्हणते? अगदी तिच्यासारखं म्हणून दाखवा."

मी म्हटलं, "ए-ता."

"माझी ओढणी घेऊन?"

"हो. दात..."

"दात नाही हो." ती उभी राहिली. खुर्ची मागं पडली. "एता. श्वेता. तुम्ही मला दिवसभर काय म्हणता? शुभंकर काय म्हणतो? श्वेता फोन घे, श्वेता आली का, श्वेताला उशीर होणार. आणि तुम्हाला तो आई म्हणतो, मी आई म्हणते. ती बरोबर बोलत होती. दोन्ही शब्द बरोबर बोलत होती."

मला आठवलं, 'आईकडे ये' म्हटल्यावर ती वळून माझ्याकडे आली होती. सांगितलं होतं तिथंच आली होती.

तीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून माणसांची नावं ओळखली. खरखरीतून, वादळातून, अर्धी तुटलेली नावं. आणि घरातलं एक नाव मला ऐकू आलं नाही. कारण मला वाटलं ती मलाच ये म्हणते आहे.

श्वेता अगदी हळू म्हणाली, "रोज संध्याकाळी ती मला हाक मारत होती. आणि तुम्ही तिला सांगत होतात, मी इथंच आहे."

शुभंकर आला तेव्हा निधीच्या मुठीत कागदी झेंडा होता. श्वेतानं तिला त्याच्याकडून घेतलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी बाहेर उभी होते. गाण्यांमुळं आतलं काही ऐकू येत नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

दोन दिवस श्वेता माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ कुठं, गॅस बंद केला का. शुभंकरनं काल विचारलं, "आई, तू असं का केलंस?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यानं मान हलवली, पुन्हा विचारलं नाही. त्याला माझी लाज वाटते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बॅग भरून ठेवली आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

श्वेतानं डॉक्टर सुप्रीतांना फोन केला. त्या रागावल्या नाहीत म्हणे. म्हणाल्या, मूल एखादा आवाज त्याच माणसासाठी, त्याच अर्थानं पुन्हा पुन्हा वापरतं तेव्हा तो शब्दच. मोठ्यांना तो नाव म्हणून योग्य वाटतो की नाही, हा मोठ्यांचा प्रश्न. फ्रीजवरच्या कागदावर आता दोन ओळी भरल्या आहेत. श्वेताच्या अक्षरात. एक, आई. दोन, एता. पुढं अर्थ लिहायला जागा आहे, ती तिनं कोरी ठेवली आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार

श्वेता ऑफिसला गेली, मॅनेजरशी बोलली, राजीनामा मागं घेतला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम, असं ठरलं. घरी येऊन मला म्हणाली, "बॅग भरली आहे तुम्ही. पलंगाखाली दिसली."

"हो. तू म्हणशील त्या दिवशी जाईन."

"कुठं जायचं नाही. मला अजून तुमच्यावर रागवायचंय. त्यासाठी तुम्ही इथं लागाल."

मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला.

"आणि दोन गोष्टी. ती जे काही बोलेल, ते त्याच दिवशी मला सांगायचं. मला वाईट वाटेल की नाही, ते मी बघेन. दुसरं, आजपासून घरात तुम्हाला सगळ्यांनी आजी म्हणायचं. शुभंकरनंसुद्धा. तुम्ही मला निधीची आई म्हणायचं, तिच्यासमोर. नाही तर तिला कसं कळणार?"

"आणि एता?"

तिला हसू आलं, ते तिनं आवरलं. "ते राहू दे. ते माझं आहे."

मी सरी म्हटलं. अहल्या अक्कांचा हा होकाराचा शब्द मी कधी उचलला कोण जाणे.

२४ ऑगस्ट, रविवार

सहा दिवस झाले. शुभंकर मला आजी म्हणतो. सकाळी हॉलमधून ओरडला, "आजी, इस्त्रीवाला आलाय." मी कणीक मळत राहिले. माझी आजी जाऊन चाळीस वर्षं झाली, ही कोणती आजी? त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा लक्षात आलं. अडतीस वर्षं ज्या तोंडून आई ऐकलं, त्या तोंडून आजी ऐकणं जड जातं. पण ह्यात तक्रार करायला मला जागा नाही. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग मी पण म्हणू का?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसले. मीही हसले.

निधीला हे कोणी समजावलेलं नाही. ती पूर्वीसारखीच. "आई" म्हटलं की मी ओ द्यायची नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. श्वेताकडे बोट दाखवायचं, "आई तिकडे" म्हणायचं.

आज दुपारी श्वेता सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जमिनीवर शेंगा सोलत होते. निधीला शेंग हवी होती. "आई."

मी श्वेताकडे बोट दाखवलं.

निधीनं तिकडे पाहिलं. "एता," ती म्हणाली, मला समजावल्यासारखी. मग माझ्याकडे वळून, "आई."

मी शेंगा सोलत राहिले. ती जवळ आली, माझ्या पदराला धरलं. "आई. आई." आवाज चढला. ओठ थरथरायला लागले. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओ गेली असती. ती पाय आपटून रडायला लागली, आणि रडतानाही तोच शब्द. मी शेंगांची सालं एका बाजूला करत होते, ती आधीच एका बाजूला होती.

श्वेताचे हात थांबले. तिनं घडी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता उचलून आत नेईल.

"द्या हो ओ," ती म्हणाली. "किती वेळ बोलावतेय ती तुम्हाला, आई."

मी ओ दिली.